मालनचा राखणदार

मालन घाडीचं नाव काढलं की आमच्या चाळीत लोक दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे तिच्या घरात एक काळं खोकं आहे, ते दिवसरात्र भणभण करतं. आणि दुसरी, तिच्याशी वाकडं घेऊ नये. पहिली गोष्ट साफ खोटी. माझी आणि तिची भिंत एक आहे, खोकं किती हळू घरघरतं ते मला विचारा. दुसरी मात्र शंभर टक्के खरी आहे आणि ती का खरी आहे तेच आज सांगते.

मी ललिता. काळाचौकीला रामजी पुरुषोत्तमची चाळ आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मालनच्या शेजारी राहते. चाळ चौकोनी, मध्ये चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या. आमच्या गॅलरीत कुणी कुकर लावला तर समोरचे शिट्ट्या मोजतात. इथे कुणाचं काही लपत नाही, आणि लपवायला गेलं तर आधी आवाजच बाहेर येतो.

मालन परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. लग्न केलं नाही. का नाही केलं ते विचारायची कुणाची टाप नव्हती, मीसुद्धा विचारलं नाही. आई लवकर गेली. मग घरात ती आणि तिचे वडील गंगाधरकाका. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका गोडाऊनवर वॉचमनकी केली. पण चाळीत त्यांची ओळख वेगळी होती. मंडळाचा गणपती बसला की गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं.

गाऱ्हाणं माहीत नसलेला कोकणातला माणूस नाही, पण दादर ओलांडून पलीकडे गेलेल्यांना सांगावं लागतं. आरती झाली की एक जाणता माणूस देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. चुकलंमाकलं पदरात घे म्हणतो, पोरांना नोकऱ्या दे म्हणतो, कुणी वाईट केलं असेल तर त्याचा हिशेब तूच कर म्हणून सुनावतोसुद्धा. त्याचं एकेक वाक्य संपलं की बाकीच्यांनी हात जोडून एका सुरात म्हणायचं, 'व्हय महाराजा!' गंगाधरकाका असे काही बोलायचे की अंगावर काटा यायचा. सगळ्या चाळीची सुखदुःखं त्यांना तोंडपाठ. अमक्याचं ऑपरेशन, तमकीची सोयरीक, सगळं गाऱ्हाण्यात यायचं. माझ्या मनवाच्या वेळेला मी अवघडलेली होते तर माझंसुद्धा नाव घेतलं होतं त्यांनी. मी रडले होते तिथेच, मंडपात.

हे सगळं मालन रेकॉर्ड करायची. पहिल्या बोनसमधून तिने हॅंडीकॅम घेतला होता, तेव्हापासून दरवर्षी. पुढे मोबाईल आले, घरोघरी आले, तरी गाऱ्हाणं सुरू झालं की सगळे आपापले मोबाईल खिशात टाकायचे. कारण हात जोडावे लागतात ना! हातात मोबाईल धरून 'व्हय महाराजा' म्हटलेलं काकांना खपायचं नाही. फक्त मालनला मुभा होती. 'तिचे हात मोकळे ऱ्हांवदेत,' म्हणायचे, 'ती माझी लिखाणवाली.' आणि आम्ही म्हणायचो, मालन घेतेय ना, मग आपण कशाला?

हे सगळे व्हिडिओ तिने एका हार्डडिस्कमध्ये ठेवले होते. एकाच. काका गेले तेव्हा ती डिस्क देव्हाऱ्यात ठेवली होती तिने, फोटोच्या मागे.

पुढच्याच वर्षी मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि मंडळाची फिल्म काढायचं ठरलं. ठरवणारा राजेश तळवडेकर, मंडळाचा अध्यक्ष. राहतो आमच्या बरोब्बर समोर, दुसऱ्या मजल्यावरच. कमळाबाईंचा मुलगा. कमळाबाई सोन्यासारखी बाई हो, आणि पोटी हा. नाक्यावर याचे वाढदिवसाचे बॅनर लागायचे, गॉगल लावून, आणि खाली लिहिलेलं 'आपला माणूस'. नगरसेवक व्हायचं होतं त्याला. तर हा मालनच्या दारात आला. "मालन, काकांशिवाय फिल्म होईल का सांग. डिस्क दे, आठ दिवसांत परत."

आणि मालनने दिली. आता शिकलेली माणसं विचारतात, अगं पण मूळ डिस्क कशाला दिलीस, कॉपी नाही का करायची? त्यांना आमची चाळ माहीत नाही. मंडळाने मागितलं की आपण वस्तू देतो. पातेलं मागितलं तर पातेलं देतो, पातेल्याची झेरॉक्स देतो का? भांड्यावर नाव टाकायचं आणि द्यायचं. सतरंजी, परात, समई, सगळं असंच जातं आणि नावावरून परत येतं. मालननेही तेच केलं. लाल नेलपॉलिशने डिस्कवर 'गं. घाडी' लिहिलं आणि दिली.

परत आली ती विसर्जनानंतर, प्लॅस्टिकच्या पिशवीतून. नाव होतं तसंच होतं. मालनने ती माझ्यासमोर लॅपटॉपला लावली. आत काय? राजेश तलवारीने केक कापतोय. राजेश ड्रोनला हात दाखवतोय. राजेश वह्यावाटप करतोय, तीच वही चार वेळा, चार बाजूंनी. काका कुठेच नाहीत. एकही वर्ष नाही. मालन परत परत तेच फोल्डर उघडत राहिली.

आम्ही दोघी मंडळाच्या ऑफिसात गेलो. राजेश कॅरम खेळत होता. मालनने सांगितलं तसं मान वर न करता म्हणतो कसा, "तुझी डिस्कच खराब होती. आम्ही चालू करून दिली. उलट थँक्यू बोल."

"खराब होती तर तुझा वाढदिवस कसा मावला तिच्यात?" मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही यात पडू नका, हे टेक्निकल आहे." मग मालनकडे बघून हसला. "आणि एवढं काय होतं गं त्यात? दरवर्षी तेच तर बोलायचे काका. दुसरा कोणीतरी बोलेल."

माझ्या हाताला तो कॅरमबोर्ड लागला असता तर त्याच्या डोक्यात घातला असता, देवाशपथ. मालन मात्र तिथून तडक लॅमिंग्टन रोडला गेली, डिस्कमधलं पुसलेलं परत काढून देणाऱ्यांकडे. त्या माणसाने बघितलं आणि सांगितलं, "ताई, नुसतं पुसलं असतं तर काढलं असतं. यावर दुसरं भरलंय. खालचं आता येणार नाही."

घरी आल्यावर चहा केला मी, तिने तो निवत ठेवला. मग म्हणाली, "ललिता, मला त्याच्याकडून माफी नको, भरपाई नको. मी फक्त त्याच्या तोंडून वदवून घेणार. सगळ्यांसमोर. डिस्क चांगली होती आणि मी पुसलं. एवढं बोलेपर्यंत मी त्याला सोडणार नाही." ती चिडून बोलली असती तर मी समजूत घातली असती. पण ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, म्हणून मी तिचा चहा उचलून परत गरम करायला ठेवला.

त्यानंतर ते काळं खोकं आलं. हॉस्पिटलने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिने रीतसर विकत घेतला आणि चाळीत घरोघर फिरली. तुमच्या जुन्या लॅपटॉपमधली डिस्क द्या, सीसीटीव्हीतली द्या, फोनमधले व्हिडिओ द्या, मी जपून ठेवते. चाळ आज ना उद्या पडणार, टॉवर होणार, तेव्हा सामानात पहिली हीच चीज हरवेल. लोकांना पटलं. पण तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. कुणाच्या तरी बारशाच्या, हळदीच्या व्हिडिओत, मागे कुठेतरी, चुकून, काकांचं एखादं गाऱ्हाणं सापडेल.

डिस्का आल्या त्या सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या. एक केवढीशी, एक भलीमोठी. मी म्हटलं, यांचं करणार काय तू? ती म्हणाली, "तुझ्या फडताळात कसे लहानमोठे डबे असतात, पण फडताळ एकच? तसं." सगळ्या डिस्का तिने एकत्र बांधल्या, बाहेरून बघणाऱ्याला एकच मोठी जागा दिसते. आणि एक डिस्क तिने वेगळी राखली. तिच्यात कुणाचे व्हिडिओ नाहीत, फक्त बाकीच्यांचा हिशेब. उद्या एखादी डिस्क मेली तर उरलेल्यांकडे बघून ही तिचं सगळं परत उभं करते. तिचं नाव मालनने ठेवलं राखणदार. गावाला वेशीवर असतो तसा.

"म्हणजे आता चिंता मिटली," मी म्हटलं.

"कुठची मिटली? राखणदार घर राखतो. घरच जळलं तर? किंवा कुणी घरात शिरून मुद्दाम पुसलं तर? पुसलेलं पुसलेलंच राहणार, राखणदाराला काय कळतंय. त्याला दुसरं घर लागतं." म्हणून तिने सगळ्याची दुसरी प्रत आपल्या मावशीकडे नायगावला ठेवली. आणि तिसरी एका डिस्कवर, कशालाही न जोडलेली, तांदळाच्या डब्यात. पुसणारा मावशीकडेही पोचला तरी तांदळात हात घालणार नाही म्हणाली. प्रत्येक डिस्कवर नेलपॉलिशने नाव. आणि तिचा नियम एकच. मागेल त्याला कॉपी मिळेल, मूळ हलणार नाही.

आणखी एक गोष्ट ती करायची. शनिवारी दिवेलागणीला नायगावच्या प्रतीतला कुठचाही एक व्हिडिओ मागवून लावायचा. "ठेवलं म्हणजे झालं नाही," म्हणायची, "परत येतं की नाही ते बघायचं. माझं एकदा आलेलं नाही." चाळीतल्या बायका त्याला मालनची परीक्षा म्हणायच्या. आज कुणाची हळद लागते बघू, म्हणून पोरंबाळं जमायची.

व्हिडिओ ती एकेक बघत गेली. घरातलं जेवणखाण आवरलं की बसायची. काका दिसायचे हो, सगळीकडे दिसायचे. पंगतीत, पत्ते खेळताना, कुणाच्या वरातीत फेटा बांधून. पण सगळे मुके. गाण्याच्या आवाजात ओठ हलताहेत, बस. शेवटी तळमजल्याच्या शामरावांच्या फोनमध्ये एक तुकडा निघाला. आरती संपतेय, काका पुढे येतात, घसा खाकरतात, हात जोडतात आणि म्हणतात, 'बा देवा म्हा...' आणि चित्र हलतं, शामरावांचा शर्ट दिसतो, संपलं. खिशात टाकला फोन. त्यांनीही हात जोडले.

मालनने तो तुकडा मला दाखवला. दोनदा लावला. म्हणाली, "सगळ्यांनी माझ्या बाबांचा मान ठेवला बघ. म्हणून काही उरलं नाही." मग ती रडली, पहिल्यांदा आणि माझ्यासमोर शेवटची. डोळे पुसून झाल्यावर तिचं तोंड असं काही दगडासारखं झालं की मी मनात म्हटलं, राजेश, मेलास तू.

पुढच्या वर्षी गणपती बसले तेव्हा गाऱ्हाणं कोण घालणार हा प्रश्न पडला. आदल्या वर्षी कुणीतरी कागदावरून वाचलं होतं, देवालाही झोप आली असेल. शामराव म्हणाले, मालनला पाठ आहे. बाईमाणूस गाऱ्हाणं घालणार म्हणून दोनचार जणांनी नाकं मुरडली, पण राजेशने उचलून धरलं. फोटोवाले आले होते ना! माईक घेऊन म्हणतो, "आमच्या मंडळात महिलांना मान आहे. मालनताई, या. मी स्वतः पहिला आवाज देतो."

मालन उभी राहिली. हात जोडले. काकांसारखाच घसा खाकरला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत. तेंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!" राजेश माईकवर, "व्हय महाराजा!" मागोमाग सगळी चाळ. "कोणाच्या घरात दुखणाखुपणा आसात ता दूर कर रे म्हाराजा!" "व्हय महाराजा!" अगदी काकांची चाल. माणसं डोळे मिटून उभी होती. गाऱ्हाण्यात एकदा सूर लागला की शब्दांकडे कुणाचं लक्ष राहत नाही, वाक्याचं टोक आलं की तोंड आपोआप उघडतं.

मग ती म्हणाली, "ज्या कोणी माझ्या बापाशीचो आवाज पुसल्यान, आणि पुसून वर खोटा सांगल्यान, तेका तेच्या माणसाच्या आवाजाक पारखो कर रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" राजेश माईकवर ओरडला. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने.

"दारोदार शोधूक लाव! आणि जोपर्यंत तो सगळ्यांसमोर आपल्या तोंडान कबूल करीना, तोपर्यंत तेका तो आवाज मिळाक देऊ नको रे म्हाराजा!"

या वेळी माईक गप्प होता. राजेशचं तोंड अर्धं उघडं राहिलं होतं. पण चाळ कुठे थांबतेय! सगळ्यांनी म्हटलं, "व्हय महाराजा!" मी तर दोनदा म्हटलं. समोर खुर्चीवर बसलेल्या कमळाबाई मुलाकडे बघत होत्या. त्यांना तेव्हा कळलं. त्या उठल्या, मालनच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी गेल्या. राजेशने नंतर सगळ्यांना सांगितलं की बाई भ्रमिष्ट झालीय. पण कबूल केलं नाही.

कमळाबाई थंडीत गेल्या. आधीपासून आजारी होत्या, डायलिसिस चालू होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नळावर कुजबुज व्हायचीच. मालनचं गाऱ्हाणं लागलं म्हणे. मी भांडले त्या बायांशी. मालन मात्र शांत. कमळाबाईंना अंघोळ घालायला तीच पुढे होती, लुगडं तिनेच नेसवलं, पोटच्या पोरीसारखं सगळं केलं. आणि कुणी तोंडावर विचारलंच तर सांगायची, "मी मरण नव्हतं मागितलं. आवाज मागितला होता."

तेराव्यानंतर चाळीच्या ग्रुपवर राजेशचा मेसेज आला. आईचा कुणाकडे व्हिडिओ असेल तर पाठवा, मला तिचा आवाज ऐकायचा आहे. याच्या फोनमध्ये स्वतःचे हजार व्हिडिओ, आईचा एक नाही. फोटो होते, पण फोटोला तोंड असतं, आवाज कुठे असतो? ग्रुपवर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. आमचं सगळं मालनकडे आहे.

आधी तो माझ्याकडे आला. डोळे सुजलेले. खरं सांगते, क्षणभर मला कसंसंच झालं. आणि मला माहीत होतं तो आवाज कुठे आहे. माझ्याच व्हिडिओत. मनवा शाळेच्या गॅदरिंगसाठी गॅलरीत नाच बसवत होती, मी फोन धरला होता, आणि समोरून कमळाबाईंनी रोजच्यासारखी हाक मारली होती, 'राजू, जेवलंस काय रे?' पन्नाशीच्या घोड्याला! मनवा वैतागून म्हणते, 'आज्जी, थांब ना!' आणि त्या हसतात आणि परत हाक मारतात. मालनला तो कधीचाच सापडला होता. तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं की फोनमधला काढून टाकीन आणि मी टाकला होता. म्हणून मी राजेशला म्हटलं, "माझ्याकडे काही नाही. शेजारच्या दारावर टकटक कर."

भिंत एकच असल्यामुळे मी सगळं ऐकलं.

"मालन, झालं गेलं सोड. काकांचं नाव स्टेजला देतो. मोठ्या अक्षरात."

"नाव आहे त्यांचं. डिस्कवर आहे."

"मग काय पाहिजे तुला?"

"गॅलरीत उभा राहा आणि सांग. डिस्क चांगली होती, मी पुसलं."

मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "पुसलं गं मी. जागा पाहिजे होती. मला वाटलं तुझ्याकडे दुसरी कॉपी असेल."

"हे मला ठाऊक आहे, मला नको सांगूस. त्यांना सांग."

"निवडणूक तोंडावर आलीय, मालन. लोक तोंडात शेण घालतील. आई गेलीय माझी, जरा तरी..."

"माझे बाबा दोनदा गेले," मालन म्हणाली आणि दार लावलं.

मग शनिवार आला. दिवेलागणीला मालनने खोक्याला जोडलेला स्पीकर उचलला आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. तोंड समोरच्या दाराकडे. मी म्हटलं, "मालन, अगं..." तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. "परीक्षा आहे," म्हणाली. पोरं जमली, बायका गॅलऱ्यांत आल्या. गाणं लागलं, मनवाच्या पायांची धपधप ऐकू आली आणि मग सगळ्या चौकात घुमलं, "राजू, जेवलंस काय रे?"

खालचा नळ कुणीतरी बंद केला. कुणाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. समोरचं दार उघडलं. राजेश बनियनवर बाहेर आला, कठड्याला धरून उभा राहिला, इकडेतिकडे बघायला लागला, खाली, वर. आई कुठून बोलतेय ते त्याला कळेना. मालनने थांबवलं नाही. कमळाबाई हसल्या आणि परत म्हणाल्या, "राजू रे! जेवलंस काय?"

"जेवलंय गे आये," राजेश म्हणाला.

असा सहज म्हणाला, रोज म्हणायचा तसा. आणि मग त्याला कळलं आपण काय केलं, कुणाकुणासमोर केलं. हुंदका आला तो दाबता आला नाही. अध्यक्ष, बॅनरवाला, आपला माणूस, लहान पोरासारखा कठड्याला धरून रडायला लागला. मालनने फक्त बोट उचललं आणि व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.

"बंद कर!" तो ओरडला. "बंद कर, सांगतो! पुसलंय मी! मालनच्या बापाशीची डिस्क चांगली होती, मीच पुसलंय. माझा वाढदिवस भरूक पुसलंय. ऐकलंत सगळ्यांनी?"

"व्हय महाराजा," खालून शामराव म्हणाले. त्यांना नीट ऐकू येत नाही, सवयीने म्हणाले असतील.

मालनने बंद केलं. घरात गेली, एक पेनड्राइव्ह घेऊन आली. तयारच होता, लाल नेलपॉलिशने वर 'कमळाबाई' लिहिलेलं. सबंध गॅलरी फिरून, वळसा घालून ती समोर गेली. सगळी चाळ बघत होती. तिने तो त्याच्या हातावर ठेवला. "ही कॉपी," म्हणाली. "मूळ माझ्याकडे राहील."

राजेशने पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला. "आता संपलं ना गं आपलं?" त्याने विचारलं.

मालन वळली आणि चालायला लागली. ती परत आली तेव्हा मीसुद्धा तेच विचारलं. तिचं म्हणणं होतं की गाऱ्हाणं कबूल करण्यापुरतं होतं, त्याने कबूल केलं, त्याला त्याची आई मिळाली. "देवाचं त्याच्याशी संपलं," ती म्हणाली. "माझं कुठे?"

पुढच्या शनिवारी स्पीकर परत कठड्यावर आला. राजेश समोर दारातच उभा होता, आईचा आवाज येईल म्हणून असेल. पण या वेळी आरतीचा शेवट ऐकू आला, टाळ थांबले, एका म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरला. गॅलऱ्यांमधून माणसांनी आपोआप हात जोडले. पोरांनीसुद्धा. "बा देवा म्हा..." गंगाधरकाका म्हणाले आणि थांबले.

आम्ही सगळे तोंड उघडून उभे. पुढे काही येईना, आणि पुढचं आल्याशिवाय 'व्हय महाराजा' म्हणायचं तरी कशाला? जोडलेले हात खाली कधी घ्यायचे तेही कळेना. मग एकेकाची मान समोरच्या दाराकडे वळली. राजेशने सगळ्यांकडे बघितलं, आत गेला आणि दार लावून घेतलं.

"दार लावलं म्हणून काय ऐकू जायचं राहतंय," मालन म्हणाली. तिने आवाज वाढवला आणि तोच तुकडा परत लावला.